तेवीस झाकणं

रस्ता धुतला, गतिरोधक खरवडून काढले,
अकरा वर्षं अर्ज करून जे झालं नव्हतं
ते आठ दिवसांत झालं.
मग कंत्राटदार म्हणाला, दस्तगीर,
गटारीची झाकणं तेवढी बघ.
ह्या गाड्या पोट रस्त्याला लावून पळत्यात,
खालची हवा ओढून घेत्यात.
सैल झाकण गावलं तर पत्रावळीगत उडंल.

टॉवरपासनं जाऊळाच्या गणपतीपर्यंत अकरा.
तिथनं संध्यामठाच्या वळणात पाच.
परतीला सात.
रात्री बॅरिकेड पडली की मी आणि निजाम,
हातगाडीवर मशीन, निजामच्या खांद्यावर केबलचं वेटोळं.
एका झाकणाला चार टाके.
काच उचलली की अंधार हिरवा दिसायचा,
आणि रंकाळ्याचा वास यायचा,
झाकणाखालनं की तळ्यातनं, कुणाला ठाऊक.

तेविसाव्याला तीनच टाके बसले.
चौथ्याला रॉड संपला.
पहाटेचे चार. उद्यमनगर उघडणार नऊला,
पोलीस शिट्टी मारून मारून दमलेला.
निजाम म्हणाला, तीन दगडांवर चूल बसती,
हे तर झाकण हाय.
मी हसलो. वहीत लिहिलं :
तेवीस गुणिले चार.

रविवारी गळ्यात पास होता.
गच्च्यांवर, पाण्याच्या टाक्यांवर माणसं,
भेळेच्या गाड्यांवर दुपारीच गर्दी.
पाडव्याला ह्याच रस्त्यावरनं
सायलेन्सर काढलेल्या फटफटीमागं म्हशी पळत्यात,
शिंगं रंगवलेल्या, मोरपिसं लावलेल्या,
तवाबी गाव असाच ओरडतो.
पण म्हैस येताना दिसती.
ही गाडी दिसायच्या आधी छातीत वाजती
आणि दिसली म्हणेस्तोवर गेलेली असती.
चारी चाकं अंगाबाहेर,
कोपरं काढून गर्दीत घुसणाऱ्या पोरागत.

एकतीस नंबरात इंगवल्यांची रेवती.
तिच्या बापाच्या लेथवर मी हात बसवला.
ती तवा निळा बुरादा गोळा करायची,
स्प्रिंगसारखा, लांबलचक,
आणि कानात अडकवून मिरवायची.
एकदा कान कापला. रडली नाही.
माझ्याकडं बघून म्हणाली, दस्तगीरचाचा, आईला सांगू नको.

अठरा फेऱ्या.
गाव गाड्या बघत होतं, मी तेविसावं झाकण.
पाचव्या फेरीला : खण्ण.
एवढ्या आवाजात मला तेवढंच ऐकू आलं.
नवव्याला परत. एकतीस नंबर वरनं गेली
आणि झाकण बोटभर उठलं,
उठलं का? का माझी पापणी उठली?
पळत झेंडेवाल्याकडं गेलो.
साहेब, तेविसावं वाजतंय.
त्याच्या कानावर ही मोठी टोपणं.
त्यानं अंगठा वर केला, हसला,
वाटलं असंल, म्हातारा खूष झालाय.

मग मी काहीच केलं नाही.
तारेची जाळी धरून उभा राहिलो
आणि प्रत्येक फेरीला तीन टाके मोजले,
एक, दोन, तीन,
जसं काय मोजल्यानं लोखंड धरतंय.

कोण जिंकलं विचारू नका.
रेवती सातवी आली म्हणे.
हेल्मेट काढल्यावर केस चपटे झालेले,
बापाला कायतरी सांगत होती दोन्ही हातांनी,
त्या वळणाचं असणार.

सोमवारी ग्राइंडर घेऊन परत आम्हीच.
जोडलेलं तोडायचं, गटार तुंबली होती.
तेविसाव्याचे दोन टाके तडकलेले.
तिसरा धरून होता,
शेंगदाण्याएवढा, काळा, वेडावाकडा,
निजामनं टाकला असणार तो,
माझा हात एवढा वाईट नाही.
त्याला बोललो नाही. तोही वाकून बघत राहिला.
मग म्हणाला, चहा?

सांजच्याला शाळेपुढं पोरांनीच
विटांचा गतिरोधक रचला,
महापालिका कधी येणार, वाट कोण बघतंय.
बॅरिकेड ट्रकमध्ये चढली.
पहिली गेली ती दुधाची मोटारसायकल,
तेविसाव्यावरनं, नेमकी.
खण्ण.
दोन्ही किटल्या हलल्या,
दूधवाल्यानं मागं वळूनसुद्धा बघितलं नाही.